बोरिवलीहून मुलुंडला, व्हाया सिंगापूर

नकाशावर बोरिवली आणि मुलुंड यांच्यात सरळ रेषेत बाराएक किलोमीटर अंतर आहे. मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आडवा. त्यामुळे लोकलने जायचं तर पश्चिम रेल्वेने दादरपर्यंत खाली यायचं, पूल ओलांडायचा आणि मध्य रेल्वेने पुन्हा वर जायचं. बाराचे पंचेचाळीसेक किलोमीटर होतात. इंटरनेटचंही असंच चालतं, फक्त तिथे डोंगराच्या जागी कंपन्यांमधले करार असतात. बोरिवलीतल्या घरात एका कंपनीचं ब्रॉडबँड आहे, हवी असलेली फाइल मुलुंडमध्ये दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि या दोन कंपन्यांचं आपसात जोडणीचं काही ठरलेलं नाही, तर ती फाइल सिंगापूरला वळसा घालून बोरिवलीत येऊ शकते.

हे वीसेक वर्षांपूर्वी सर्रास घडायचं. भारतातल्या भारतात पाठवलेली ईमेलसुद्धा परदेशातल्या राउटरला हात लावून परत यायची आणि त्या फेऱ्याचं भाडं डॉलरमध्ये भरावं लागायचं. ते थांबवण्यासाठी 2003 साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, उभं राहिलं. तेव्हापासून आजपर्यंत मुंबईच्या उपनगरांत जे काही बांधलं गेलं, त्याचा एक मोठा भाग हा वळसा टाळण्यासाठीच आहे. आज अंधेरीत किंवा घाटकोपरमध्ये कोणी मोबाइलवर व्हिडिओ लावतो, तेव्हा तो बहुधा अमेरिकेतून येत नाही. कधी चांदिवलीतून येतो, तर कधी थेट ब्रॉडबँड कंपनीच्याच खोलीत ठेवलेल्या पेटीतून. तो कुठून यायचा हे क्षणार्धात ठरवणारी जी यंत्रणा आहे, तिला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, थोडक्यात सीडीएन म्हणतात.

सीडीएनची मूळ गरज साधी आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. वेग अफाट वाटतो, पण मुंबई ते सिंगापूर ही समुद्राखालची वाट श्रीलंकेला वळसा घालून जाते, आणि विचारणा जाऊन उत्तर परत यायला साठेक मिलिसेकंद लागतात. लंडनला त्याच्या जवळपास दुप्पट. एक पान उघडताना अशी एकच फेरी होत नाही. आधी जोडणी जुळते, मग सुरक्षिततेच्या किल्ल्यांची देवाणघेवाण होते, त्यानंतर खरी मागणी जाते. पहिलं अक्षर पडद्यावर यायच्या आतच तीनेक फेऱ्या झालेल्या असतात. फेरी मुंबईतल्या मुंबईत झाली तर ती पाच मिलिसेकंदांच्या आत उरकते. प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही, तेव्हा मालच जवळ आणून ठेवायचा, हा सीडीएनचा सगळा धंदा.

या धंद्याची सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटीत झाली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1995 च्या सुमारास तिथल्या गणितज्ञांपुढे प्रश्न टाकला की, एकाच संकेतस्थळावर झुंबड उडाली तर ते कोसळू नये म्हणून काय करायचं? प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी सहकाऱ्यांसह 1997 साली उत्तर मांडलं. कोणती फाइल कोणत्या सर्व्हरवर ठेवायची याची वाटणी अशी करायची की एखादा सर्व्हर बंद पडला किंवा नवा आला, तरी थोड्याच फाइलींची जागा बदलावी. त्यातून 1998 साली अकामाई ही कंपनी निघाली. लेविन 11 सप्टेंबर 2001 रोजी अपहृत विमानात मारले गेले. त्यांचं ते गणित मात्र आज जवळपास प्रत्येक सीडीएनच्या पोटात आहे.

माल जवळ आणून ठेवला, तरी गिऱ्हाइकाला नेमक्या त्याच दुकानात पाठवायचं कसं? इथे कंपन्यांच्या वाटा फुटतात, आणि वापरणाऱ्याला जाणवणारे बहुतेक फरक या फाट्यावरच जन्माला येतात.

अकामाईची जुनी रीत पत्ता सांगण्याच्या टप्प्यावरच चलाखी करते. संकेतस्थळाचं नाव टाकलं की ब्राउझर आधी डीएनएसला त्याचा आकडी पत्ता विचारतो. अकामाईचा डीएनएस प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो: विचारणा मुंबईतून आली तर मुंबईतल्या सर्व्हरचा पत्ता, नागपूरच्या बाजूने आली तर कदाचित दुसरा. हे उत्तर वीस-तीस सेकंदच ग्राह्य धरायचं असतं, म्हणजे मधेच एखाद्या ठिकाणी गर्दी झाली तर पुढच्या विचारणेला निराळा पत्ता देता येतो. यातली मेख अशी की, अकामाईला वापरणारा दिसत नाही, त्याच्या वतीने विचारणारा डीएनएस सर्व्हर दिसतो. बोरिवलीतल्या माणसाचा डीएनएस सिंगापुरात बसला असेल, तर त्याला सिंगापूरचा समजून तिथलाच पत्ता हाती दिला जातो. गूगलने 2009 साली आठ-आठ-आठ-आठ हा सार्वजनिक डीएनएस सुरू केल्यावर हा घोळ वाढला. मग वापरणाऱ्याच्या पत्त्याचा पहिला तुकडा विचारणेसोबत पुढे पाठवायची सोय निघाली. क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या सीडीएन कंपनीने 2018 साली काढलेला एक-एक-एक-एक हा डीएनएस गोपनीयतेचं कारण देऊन तो तुकडा पुढे पाठवत नाही. तेव्हा ‘डीएनएस बदला, नेट फास्ट होईल’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला आंधळेपणाने घेण्यात अर्थ नाही. नेट कधी खरंच सुधारतं, कधी नेमकं उलटं होतं.

क्लाउडफ्लेअरची स्वतःची रीत आणखी धीट आहे. तिच्या जगभरच्या सगळ्या केंद्रांचा आकडी पत्ता एकच. मुंबईचं केंद्र आणि फ्रँकफुर्टचं केंद्र, दोन्ही एकाच पत्त्याने दवंडी पिटतात आणि वाटेतले राउटर आपल्याला सोयीचं केंद्र निवडतात. याला एनीकास्ट म्हणतात. क्लाउडफ्लेअरने 2015 साली मुंबई, चेन्नई आणि दिल्लीत केंद्रं उघडली. पण राउटर किलोमीटर मोजत नाहीत. मध्ये किती कंपन्यांची नेटवर्कं ओलांडावी लागतात आणि कोणत्या वाटेने जाणं आपल्या कंपनीला स्वस्त पडतं, हे ते पाहतात. ब्रॉडबँड कंपनीची क्लाउडफ्लेअरशी मुंबईत थेट जोडणी नसेल आणि सिंगापुरात असेल, तर दाराशी केंद्र असूनही मागणी सिंगापूरला जाते. भारतातल्या काही नेटवर्कांवरून असं झाल्याची उदाहरणं वापरकर्ते वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत.

हे घरबसल्या तपासता येतं. ब्राउझरमध्ये क्लाउडफ्लेअर डॉट कॉम या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन सीडीएन-सीजीआय, पुन्हा तिरपी रेघ आणि ट्रेस एवढं इंग्रजीत टाकलं की साध्या मजकुराच्या दहा-पंधरा ओळी येतात. त्यात ‘कोलो’ नावाची एक ओळ असते. तिच्यापुढे विमानतळाचं तीन अक्षरी सांकेतिक नाव दिसतं. बीओएम असेल तर मागणी मुंबईत पोहोचली, एसआयएन असेल तर सिंगापूरला. विमान कंपन्यांच्या तिकिटावरची हीच अक्षरं सीडीएनवाल्यांनी आपल्या केंद्रांना दिली आहेत. शहराचं नाव बदलून तीसेक वर्षं झाली, तरी सर्व्हरच्या नावात बॉम्बे अजून शिल्लक आहे.

नेटफ्लिक्स या दोन्ही रीतींवर विसंबत नाही. प्ले दाबलं की नेटफ्लिक्सची मध्यवर्ती यंत्रणा तो चित्रपट कोणकोणत्या पेट्यांत आहे हे पाहते आणि ॲपला पत्त्यांची यादीच देते. पहिली पेटी दमली तर ॲप आपणहून दुसरीकडे वळतं. ओपन कनेक्ट नावाच्या या पेट्या कंपनी पुरेशी वाहतूक असलेल्या इंटरनेट कंपन्यांना फुकट देते. त्या त्यांच्याच इमारतीत बसतात आणि उद्या कोणता कार्यक्रम चालणार याचा अंदाज बांधून गर्दी नसलेल्या वेळी भरून ठेवल्या जातात. गूगलच्या आणि मेटाच्या पेट्याही अशाच गावोगावच्या नेटवर्कांत असतात. दान वगैरे हे नव्हे. इंटरनेट कंपनीचा महागडा बाहेरचा मार्ग वाचतो आणि नेटफ्लिक्सचं चित्र अडकत नाही, दोघांचंही भागतं.

पण ‘पुरेशी वाहतूक’ ही अट उपनगरातल्या छोट्या केबलवाल्याला नडते. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या चार-पाच गल्ल्यांत गच्चीवरून गच्चीवर फायबर टाकून नेट देणाऱ्याकडे अशी पेटी ठेवण्याइतकी गिऱ्हाइकं नसतात. तो मोठ्या कंपनीकडून घाऊक नेट घेतो, किंवा नेटवर्कं जिथे एकमेकांना जोडली जातात त्या एक्स्चेंजवर थेट जाऊन उभा राहतो. आणि एक्स्चेंज म्हटलं की चांदिवलीला यावं लागतं.

साकीनाका मेट्रो स्थानकापासून पवईच्या दिशेने गेलं की लागणारी चांदिवली जुन्या मुंबईकरांना चित्रीकरणाच्या स्टुडिओसाठी ठाऊक होती. आता तिथल्या बिनखिडक्यांच्या, मागे जनरेटरांची रांग असलेल्या इमारती अधिक महत्त्वाच्या आहेत. जीपीएक्स कंपनीची इथली डेटा सेंटरं अमेरिकेच्या इक्विनिक्सने 2021 साली ताब्यात घेतली. मुंबईतच 1998 साली सुरू झालेल्या आणि पुढे जपानच्या एनटीटीकडे गेलेल्या नेटमॅजिकचं जाळंही चांदिवली-विक्रोळी पट्ट्यातच वाढलं. अशा इमारतीत देशी इंटरनेट कंपन्या, परदेशी सीडीएन आणि समुद्री केबलींचे मालक शेजारी-शेजारी कपाटं भाड्याने घेतात. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात काही मीटरची पिवळी फायबर ओढली की दोन नेटवर्कं जोडली जातात. सिंगापूरचा वळसा तिथल्या तिथे संपतो.

निक्सीने हे काम आधी सुरू केलं, पण धोरणात हात बांधून घेतले. सदस्यत्व परवानाधारक इंटरनेट कंपन्यांपुरतं, आणि ज्याने जास्त माल मागवला त्याने पैसे मोजायचे, असा हिशेब. सीडीएनला तिथे थेट बसायला जागाच नव्हती. व्हिडिओचा जमाना आला तेव्हा हे नियम जड पडले. 2014 साली मुंबईत खासगी मुंबई-आयएक्स सुरू झालं, पुढे ते जर्मनीच्या डे-सिक्स या एक्स्चेंजच्या नावाने चालू लागलं; पाठोपाठ एक्स्ट्रीम आयएक्स आलं. तिथे छोटा केबलवाला आणि गूगल एकाच पाटावर बसू शकतात. आज डे-सिक्सचं मुंबईतलं एक्स्चेंज जोडलेल्या नेटवर्कांच्या संख्येत आशियातल्या मोठ्यांमध्ये मोजलं जातं. निक्सीने नंतर नियम सैल केले खरे, पण तोवर गाडी सुटली होती.

साकीनाक्यावरून जाणाऱ्या मेट्रोचं पश्चिमेचं टोक म्हणजे वर्सोवा, आणि तिथेही या कथेतला मोठा दुवा आहे. दूरसंचार नियामक ट्रायने 2023 साली दिलेल्या आकड्यांनुसार भारतात 17 आंतरराष्ट्रीय समुद्री केबली येतात आणि त्या मुंबई, चेन्नई, कोची, तुतुकुडी आणि तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत किनाऱ्याला लागतात. त्यांत मुंबईचा वाटा सर्वांत मोठा, आणि मुंबईत येणाऱ्या बऱ्याचशा केबली वर्सोव्याच्या वाळूखालून शहरात शिरतात. 2015 पासून स्वयंसेवकांनी हा किनारा साफ केला तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. आपण उभे आहोत त्या वाळूखालून देशाची कितीतरी बोलणी चालली आहेत, याची तिथे फिरायला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना कल्पना असेल.

इतकं सगळं एका किनाऱ्यावर एकवटणं शहाणपणाचं नाही, मग तो किनारा मुंबईचा असो की वाटेतल्या देशाचा. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबली तुटल्या आणि भारताची जवळपास निम्मी आंतरराष्ट्रीय क्षमता गेल्याच्या बातम्या आल्या. बँका, कॉल सेंटरं, सगळ्यांची तारांबळ उडाली. फेब्रुवारी 2024 मध्ये लाल समुद्रात आणि सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा केबली तुटल्या. पण या दोन्ही वेळी अंधेरीतल्या घरात यूट्यूब बिनधास्त चालू होतं. त्याचा माल आधीच मुंबईत येऊन पडलेला होता. रखडली ती युरोपशी थेट संबंध असलेली कामं: लंडनच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर लॉगिन, तिथल्या सर्व्हरवरचे ऑनलाइन खेळ, व्हिडिओ बैठका. सीडीएनने केबल तुटण्याचा त्रास नाहीसा केलेला नाही. करमणुकीला वाचवलं आणि कामाला वाऱ्यावर सोडलं, असं म्हणावं लागतं.

सीडीएनची खरी परीक्षा भारतात क्रिकेट घेतं. 2019 च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी 2 कोटी 53 लाख लोक पाहत होते. 19 नोव्हेंबर 2023 च्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यात हा आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला. थेट प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं. मुलुंडमधल्या लाखभर मोबाइलांनी एकच तुकडा मागितला, तर जवळचा सर्व्हर मूळ केंद्राकडे तो एकदाच मागतो आणि सगळ्यांना वाटतो. त्यामुळे गंमत अशी की, पाहणारे वाढले म्हणून व्हिडिओचं ओझं त्या प्रमाणात मूळ केंद्रावर पडत नाही. घाम फुटतो तो भलत्याच ठिकाणी. 2019 च्या त्या सामन्यात धोनी धावबाद झाला आणि कोट्यवधी लोकांनी जवळपास एकदम ‘मागे’चं बटण दाबलं. व्हिडिओ बंद झाला, पण ॲपचं मुखपृष्ठ उघडलं. ते प्रत्येकासाठी वेगळं बनवावं लागतं, त्यामुळे ते सीडीएनच्या साठ्यातून देता येत नाही. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी पुढे जाहीर व्याख्यानांत सांगितलं की, ते तयारी करतात ती या माघारी फिरणाऱ्या लाटेची.

साठवता येणारं आणि न येणारं यांतला हा फरक रेल्वेच्या तिकिटातही दिसतो. सकाळी दहाला तत्काळ उघडतं तेव्हा सगळ्यांना हवी असते ती ताजी, दर क्षणाला बदलणारी माहिती. रेल्वे मंत्रालयाने 2025 साली सांगितलं की, आयआरसीटीसीने आता मोठी सीडीएन सेवा आणि यांत्रिक बुकिंग रोखणारी यंत्रणा लावली असून अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली आहेत. इथे सीडीएनचं काम माल जवळ ठेवण्याचं कमी आणि दाराशी उभं राहून खोटी गर्दी हाकलण्याचं जास्त आहे. याउलट दहावी-बारावीचा निकाल. तो एकदा लागला की बदलत नाही, म्हणजे साठवण्यासाठी याहून सोयीची वस्तू नाही. तरी निकालाच्या दुपारी मंडळाला चार-पाच संकेतस्थळांचे पत्ते जाहीर करावे लागतात आणि पालक एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. हे दुखणं तंत्रज्ञानाचं नाही, नियोजनाचं आहे.

सीडीएनच्या व्यवस्थेत मराठी कुठे बसते? साठवणुकीचा नियम निर्दय असतो. जे वारंवार मागितलं जातं ते जवळच्या पेटीत राहतं, जे क्वचित मागितलं जातं त्याला काढून टाकून जागा केली जाते. ताजी हिंदी मालिका दाराशी असते. सत्तरच्या दशकातला एखादा मराठी चित्रपट पाहायचा तर तो दूरच्या साठ्यातून मागवावा लागतो आणि सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेतो. मराठी विकिपीडियाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 1 मे 2003 पासून चालू असलेला हा ज्ञानकोश विकिमीडिया संस्थेच्या स्वतःच्या सीडीएनवरून येतो. संस्थेचं आशियातलं केंद्र 2018 साली सुरू झालं, तेही सिंगापूरला. त्यामुळे मुलुंडमध्ये बसून मुलुंडवरचा मराठी लेख वाचणाऱ्याची मागणी साधारणपणे सिंगापूरला जाऊन येते. आधी ती याहून लांब जायची, हे खरं. मजकूर हलका असल्यामुळे हा फेरा फारसा जाणवत नाही, हेही खरं.

एवढ्या थोड्या हातांत एवढं सगळं एकवटलं की एक चूक किती दूर पोहोचते, हेही पाहून झालं आहे. 22 जुलै 2021 च्या रात्री सव्वानऊच्या सुमारास अकामाईच्या डीएनएसमध्ये एका बदलामुळे बिघाड झाला आणि भारतात ऐन जेवणाच्या वेळी झोमॅटो, पेटीएम, हॉटस्टार अडकले. 21 जून 2022 रोजी क्लाउडफ्लेअरने आपली व्यवस्था अधिक भक्कम करण्यासाठीच राउटिंगच्या नियमांत फेरफार केला, आणि तोच अंगाशी आला. 19 मोठी केंद्रं जगाच्या नकाशावरून गायब झाली. त्यांत मुंबई होतं. ही केंद्रं एकूण जाळ्याच्या जेमतेम 4 टक्के, पण निम्म्या मागण्या त्यांच्यावरून जात. भारतात तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते, शेअर बाजार उघडा होता, आणि सौद्यांची ॲप्स मध्येच थांबली. सवा तासाच्या आत सगळं सुरळीत झालं. सवा तास हा बाजारात फार मोठा काळ असतो.

सरकारचं या सगळ्याकडे लक्ष उशिरा गेलं. 2017 साली नेट समानतेच्या शिफारशी करताना ट्रायने सीडीएनला त्यातून बाहेर ठेवलं. म्हणजे एखाद्या संकेतस्थळाला मुद्दाम वेगवान करण्यावर बंदी, पण पैसे मोजून त्याचा माल जवळ नेऊन ठेवण्यावर नाही. व्यवहारात परिणाम एकच दिसतो: श्रीमंत संकेतस्थळ लवकर उघडतं. नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रायने सीडीएन कंपन्यांची दूरसंचार विभागाकडे नोंदणी करण्याची शिफारस केली. नोंदणीने वेग वाढत नाही. त्यापेक्षा नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे एक्स्चेंज खऱ्या अर्थाने भरभराटीला आणणं जास्त उपयोगाचं ठरेल. आज कोल्हापूरची बरीचशी मागणी मुंबईला येऊन परत जाते, आणि मुंबईत पाणी भरलं किंवा वीज गेली की तिचा त्रास पार सीमाभागापर्यंत पोहोचतो.

उपनगरातल्या ग्राहकाला यातलं एक मात्र आज करता येण्यासारखं आहे. नवं ब्रॉडबँड घेताना सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘किती एमबीपीएस?’ केबलवाल्याला आणखी दोन विचारा: तुमची कंपनी मुंबईतल्या कोणत्या एक्स्चेंजवर आहे, आणि गूगल, नेटफ्लिक्स, मेटाच्या पेट्या तुमच्याकडे आहेत का? उत्तर देता आलं नाही तर महिनाभराचाच प्लॅन घ्या, रात्री नऊ ते अकराच्या गर्दीत फास्ट डॉट कॉम उघडून ‘अधिक माहिती’वर टिचकी मारा आणि सर्व्हरच्या गावाचं नाव वाचा. तिथे मुंबई दिसत नसेल, तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका.